पंखाचं वय

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, रिटायर झाल्यावर तू नेमकं काय काम करत होतीस?" मी सांगितलं, छोट्या विमानांच्या पंखांची तपासणी कधी करायची ते ठरवायचं. तुम्ही हसलात. तुमचे आजोबाही तेव्हा हसायचे. म्हणून हे नीट लिहून पाठवते आहे. पण ते काम सांगायचं तर सरांबद्दल, म्हणजे तिथल्या माझ्या साहेबांबद्दल, सांगावं लागेल, कारण काम आणि माणूस मला कधीच वेगळे काढता आले नाहीत. सर आता नाहीत. त्यांच्याविषयी लिहायला बसलं की अजूनही मला थोडं दमायला होतं, आणि यात त्यांची निंदा नाही.

आमचं ऑफिस उल्हासनगरात होतं, विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. खाली जीन्स शिवायचा कारखाना. दिवसभर शिलाई मशीनं चालत आणि आमच्या टेबलावरचा चहा कपात थरथरत राही. मी अंबरनाथहून जात असे, सर बदलापूरहून येत. दोन टेबलं, एक कॉम्प्युटर, एक कपाट. विमान एकही नाही. विमानं होती घाटापलीकडे, एका छोट्या धावपट्टीवर. तिथे विमान चालवायला शिकवणारी एक शाळा होती. तिच्या विमानांचा कुठला भाग कधी उघडून पाहायचा, हे ठरवून देणं आमचं काम. प्रत्यक्ष पाना-पक्कड घेणारी माणसं तिकडे. इकडे फक्त विचार करायचा आणि वेळ ठरवायची. मी अंबरनाथच्या केमिकल कारखान्यात जन्मभर इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला होता. सरांना नीट इंग्रजी लिहिणारी आणि आकडे न चुकवणारी बाई हवी होती. त्यांनी मला मुलाखतीत एकच प्रश्न विचारला.

"घरातला कुकर किती जुना आहे?"

मी वर्षं सांगितली.

"वर्षं नकोत. त्यात काय शिजतं? रोज डाळ-भात, की राजमा, मटण?"

मी म्हटलं, आम्ही शाकाहारी आहोत, पण माझ्या नवऱ्याला हरभऱ्याची उसळ फार लागते.

"मग झाकणाची रबरी रिंग वर्षाच्या आत बदलत असाल."

बदलत होते. नोकरी मिळाली. घरी येऊन सांगितलं तेव्हा तुमचे आजोबा म्हणाले, "विमानाच्या ऑफिसात उसळीवर भरती होते हे मला माहीत नव्हतं."

सरांचं सगळं तत्त्वज्ञान त्या कुकरमध्ये होतं. वस्तू किती जुनी हे ते विचारतच नसत. तिच्यावर काय काय गुदरलं ते विचारत. त्यांच्या पत्नी मला एकदा म्हणाल्या, "यांचा वाढदिवस करायची सोय नाही. म्हणतात, वर्षं सगळ्यांचीच सारखी वाढतात, त्यात माझं काय." माझा गुडघा दुखायला लागला तेव्हा मी सहज म्हटलं, वय झालं. सर चष्म्यावरून बघून म्हणाले, "तुमचं झालं असेल. गुडघ्याचं विचारा. माहेरी विहीर होती का? घर कितव्या मजल्यावर? जमिनीवर बसून किती वर्षं भाकऱ्या थापल्या?" मी उत्तरं दिली. त्यांनी थोडा विचार केला आणि डावा गुडघा उजव्यापेक्षा थोरला आहे असं सांगितलं. डॉक्टरांनी पुढे तेच सांगितलं, फक्त फी घेऊन.

खालचे कारखानदार सिंधी होते. सगळे त्यांना शेठ म्हणत. शेठना पहिल्यापासून खात्री होती की विमानांचं काम करणारा माणूस विमानाचं तिकीट स्वस्तात काढून देतो.

"साईं, आप तो विमानवाले हो. दुबई का टिकट थोडा कम में करा दो ना."

"शेठ, मी विमान खाली ठेवणारा माणूस आहे," सर म्हणत. "वर न्यायचं खातं वेगळं."

एकदा सर जिना चढता चढता थांबले. मी मागे होते, मला वाटलं दम लागला. ते कान देऊन ऐकत होते. मग उलटे खाली उतरून सरळ कारखान्यात शिरले आणि एका मशीनकडे बोट दाखवलं.

"शेठ, हिची सुई बदला."

"साईं, सब की सुई सोमवार को बदलती है. सोमवार को ही बदली."

"ही काय शिवते?"

"जेब. चार परत का कपडा."

"आणि ती पलीकडची?"

"वो? सीधी सिलाई. पतला माल."

"मग दोघींचा सोमवार एकच कसा?"

शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "दीदी, आप इनको पूरा दिन कैसे झेलती हो?" पण सुई बदलली. पुढे तिथे जाड्या कपड्याच्या मशीनसाठी वेगळा दिवस ठरला. शेठ मात्र मला म्हणत राहिले की हा माणूस शिलाईत असता तर कुठल्या कुठे गेला असता.

तुम्हा दोघांना सर आठवत असतील तर रडवणारे काका म्हणूनच. तुम्ही एका वर्षी महाशिवरात्रीला इथे होतात. शिवमंदिराच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसायचा हट्ट धरला होतात, आजोबा रांगेत उभेही राहिले होते. नेमके तिथे सर उभे. जत्रेला ते दरवर्षी येत आणि पाळण्यात कधी बसत नसत. खाली उभं राहून तो फिरताना बघत. त्यांनी पाळणेवाल्याला विचारलं, "माणसं समोरासमोर भरता, की येतील तशी?"

"येतील तशी, काका. गर्दी बघताय ना? वजन करत बसलो तर रात्र व्हायची."

सर आमच्याकडे आले आणि शांतपणे म्हणाले, "आज नको." एवढंच. तुम्ही भोकाड पसरलंत. आजोबा भयंकर चिडले, "हा माणूस आहे की ग्रहण?" सरांनी तुम्हाला दोघांना उसाचा रस पाजला, तुम्ही तो रडत रडत प्यायलात. तो पाळणा त्या जत्रेत शेवटपर्यंत विनातक्रार फिरला, हेही सांगायला हवं. आजोबांनी तर ते पुढे कितीतरी वर्षं सांगितलं.

आता पंखाचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. या विमानांच्या पंखात आतून एक आडवी धातूची तुळई असते. पंखाचा सगळा भार तिच्यावर. ती जाड बोल्टांनी मधल्या धडाला जोडलेली असते. विमान वळलं, वाऱ्यात हेलकावलं, उतरताना आपटलं, की प्रत्येक वेळी ती किंचित वाकते आणि पुन्हा सरळ होते. तार हातात घेऊन वाकवत राहिलं की ती कधीतरी तुटते, तसंच हे. फक्त फार हळू. भेग पडली तर पहिल्यांदा बोल्टाच्या भोकाच्या काठाला पडते, आत, जिथे नजर पोचत नाही. ती बघायची तर पंखाचे बोल्ट बाहेर काढावे लागतात आणि भोकात एक बारीक सळई फिरवतात. भेग असेल तर सळईला जोडलेल्या यंत्रावर ते दिसतं.

हे कधी करायचं, हा प्रश्न. नुसते उडालेले तास मोजून चालत नाही. एखादा हौशी मालक सकाळी निघून सरळ उडत गावाला जातो आणि परत येतो. शिकाऊ विमान दिवसभर वर जातं, गोल फिरतं, उतरतं, पुन्हा वर जातं, आणि उतरवणाऱ्याचा हात कच्चा असतो. दोघांचे तास सारखेच लिहिले जातात. म्हणून नियमातही दोन हिशोब होते. भाड्याने किंवा शिकवणीला वापरलेल्या विमानाचे तास पूर्ण धरायचे आणि त्याचा पंख लवकर उघडायचा. खासगी विमानाचे तास थोडेच धरायचे आणि त्याला बरीच सवलत.

शाळेचे मालक कॅप्टन होते. त्यांना सगळे कॅप्टनच म्हणत. एके काळी मोठी विमानं चालवलेला, सभ्य, घाईत असलेला माणूस. त्यांची तीन विमानं पहिल्यापासूनची होती, आणि त्यांचे पंख कधी उघडायचे हे आम्ही नीट आखून ठेवलं होतं. चौथं त्यांनी एका वयस्कर उद्योगपतीकडून घेतलं. पांढरं, सुरेख, जपलेलं. कागद स्वच्छ होते: एकच मालक, खासगी वापर, भाड्याने कधीही दिलेलं नाही. म्हणजे पंख उघडायला अजून अनेक वर्षं. मी तसं मांडूनही ठेवलं.

सर म्हणाले, "बघून येऊ."

हा त्यांचा शिरस्ता होता. कागद कितीही स्वच्छ असले तरी ते विमानाला भेटायला जात. बदलापूरहून गाडी करून मुरबाडमार्गे घाट चढायचा, आणि मी बरोबर, कारण आकडे माझ्याकडे. माझी पाठ त्या रस्त्याने कायमची गेली. सर घाटात खिडकीला डोकं टेकून निवांत झोपत.

तिथे पोचल्यावर त्यांनी पंखाकडे पाहिलंच नाही. दार उघडून ते उजव्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि बराच वेळ खाली पायांकडे बघत राहिले. मग मला बोलावलं.

"बाई, चालवणारा कुठे बसतो?"

"डावीकडे."

"मग उजवीकडचं हे कापड कुणी झिजवलं?"

उजव्या खुर्चीपुढच्या जमिनीवर टाचा टेकतात तिथे अंथरलेलं जाड कापड पार विरलं होतं. पायाने दाबायच्या पट्ट्यांवरचा रंगही उजव्या बाजूला गेलेला. डावीकडेही तसंच.

"मालकाची बायको बसत असेल," मी म्हटलं.

"बायको पाय आखडून बसते, बाई. टाच रोवून बसतो तो मास्तर. त्याला कधीही ब्रेक मारावा लागतो."

त्यांनी मला तिथूनच त्या उद्योगपतींना फोन लावायला सांगितला. म्हातारे गृहस्थ फार गोड बोलले. त्यांच्या आवाजात कुणीतरी आपल्या विमानाची आठवण काढली याचा आनंद होता.

"शिकत होतो ना मी. हौस. मास्तर ठेवले होते घरचे. वर जायचं मस्त जमायचं. उतरणं काही केल्या जमेना."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, रोज तेच. उतरायचो, परत वर. पेट्रोल संपेस्तोवर. मास्तर म्हणायचे, आज दात शाबूत राहिले, चांगला दिवस गेला. शेवटी डोळ्यांनी दगा दिला, नाहीतर शिकलो असतो."

सरांनी खुणेने विचारायला सांगितलं: कधी जमलं का? मी विचारलं.

"एकदा," म्हातारे म्हणाले. "पण तेव्हा मास्तरांनी हात लावला होता की नाही, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही."

फोन ठेवल्यावर मला हसू आवरेना. सर हसले नाहीत. ते कॅप्टनकडे गेले आणि म्हणाले, हे विमान उभं करा, दोन्ही पंख उघडायचे.

कॅप्टननी नियम दाखवला, आणि नियम त्यांच्या बाजूचा होता. मालक स्वतःच्या विमानात स्वतः शिकला तर ती भाड्याची शिकवणी होत नाही; ते विमान नियमाच्या दृष्टीने खासगीच. नियमात खोटं काही नव्हतं, कागदातही नव्हतं.

"सर, मालकाचं विमान, मालक शिकला. यात शाळा कुठे आली?"

"पंखाला मालक कळत नाही," सर म्हणाले. "आपटलं एवढं कळतं."

"आत्ता हवा मोकळी झालीय. मुलं हॉस्टेलवर बसून आहेत. त्यांचे आई-बाप मला रोज फोन करतात. हे विमान मी मुद्दाम याच दिवसांसाठी घेतलंय."

"उघडून पाहिल्यावर उडवा."

"आणि काही निघालं नाही तर?"

"तर काही निघालं नाही."

 कॅप्टन अगदी सौम्यपणे म्हणाले, "सर, तुमचा मला आदर आहे. पण काही निघालं नाही, तर मी पुढचं काम दुसऱ्याकडे देईन. मला नियमाप्रमाणे चालणारं कुणीतरी पाहिजे."

ती शाळा म्हणजेच आमचं ऑफिस होतं. बाकी काम फुटकळ. सरांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "चालेल," म्हणाले.

पंख उघडले. आम्ही त्या दिवशीही गेलो होतो. सळई एकेका भोकातून फिरली. कुठेच काही नाही. दोन्ही पंख लहान मुलाच्या हाडांसारखे धड. कॅप्टननी आम्हाला चहा पाजला, बिस्किटंही दिली, आणि निरोप घेतला.

परतताना सर घाटात झोपले नाहीत. बोरं विकत घेऊन खात बसले. मी रागावले होते. वय झालेल्या बाईने चिडणं शोभत नाही. पण राहवेना.

"सर, काही निघालं नाही."

"हो ना." त्यांनी बी खिडकीबाहेर टाकली. "निघावं म्हणून नव्हतं उघडलं, बाई."

ते समाधानी होते. मला त्याचाच अधिक राग आला.

नंतरचे महिने फार कंटाळवाणे गेले. सर रोज येत. मी रोज येत असे. काम नव्हतं. मशीनांच्या थरथरीत आम्ही दोघं वर्तमानपत्र वाचत असू. शेठ वर येऊन बसत आणि काळजीने विचारत, "साईं, सब ठीक?" मग समोसे ठेवून जात. तुमचे आजोबा म्हणाले, आता सोड. मी म्हणत असे, पुढच्या महिन्यात. सोडलं का नाही, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. त्या माणसाला एकट्याला त्या खोलीत बसलेलं डोळ्यांसमोर आणवत नव्हतं एवढंच.

आणि मग एक दिवस जिन्यावर बुटांचा आवाज आला. कॅप्टन. इतक्या लांब स्वतः आलेले. बसले, पाणी प्यायले, कपाळ पुसलं.

"सर, माझी चार विमानं आहेत आणि उडतंय एकच."

"का? बाकीची बिघडली?"

"बिघडायला उडायला तर पाहिजेत." ते हताश होते. "मुलं त्या पांढऱ्यातच बसतात. शिकवणारेसुद्धा. कुणी पोटदुखी सांगतो, कुणी म्हणतो मी थांबतो माझ्या पाळीला. शेवटी एकाला खडसावून विचारलं. तो म्हणाला, त्याचा पंख उघडून बघितलाय ना सर, म्हणून."

मला हसू आलं, पण मी कॉम्प्युटरकडे बघत राहिले. जे विमान उघडायची गरज नाही म्हणून भांडण झालं, तेच आता सगळ्यांना हवं होतं. आणि जी नियमाप्रमाणे निर्धोक होती ती उन्हात उभी.

"तेव्हा," कॅप्टन म्हणाले, "बाकीची तिन्ही उघडू या. तुम्ही सांगाल तसं. आणि काम परत तुमच्याकडे. मी चुकलो असं समजा."

मी मनात सुटकेचा निःश्वास टाकला. सर उठले, कपाटातून तिन्ही विमानांची कागदपत्रं काढली, सावकाश चाळली, परत ठेवली.

"यांची वेळ झालेली नाही."

कॅप्टनना वाटलं, सर आढेवेढे घेताहेत. "सर, मी म्हणतोय ना. खर्च माझा."

"वेळ झाली की उघडू. आत्ता नको."

"तेव्हा नियम म्हणत होता नको, तेव्हा तुम्ही उघडा म्हणालात. आता मी म्हणतो उघडा, तर तुम्ही नको म्हणता. तुम्हाला पाहिजे तरी काय?"

"वेळेवर," सर म्हणाले.

मग त्यांनी समजावलं, आणि ते मला पहिल्यांदाच कळत होतं. तो बोल्ट भोकात अगदी गच्च बसवलेला असतो. ठोकून बाहेर काढायचा, ठोकून परत घालायचा. दर वेळी त्या काठाला धोका. जिथे भेग पडेल अशी भीती, नेमकं तिथेच आपण हत्यार घालतो. ते जोखमीचं काम पंखाला गरज असेल तेव्हा करायचं, पोरांना धीर यावा म्हणून नाही. "मुलांशी मी येऊन बोलतो," ते म्हणाले. "तीन विमानं कशी वापरली गेली ते त्यांना दाखवतो."

"मुलं बोलण्याने बसणार नाहीत, सर. त्यांना उघडलेला पंख पाहिजे. दुसऱ्या कुणाकडून उघडून घेतो."

"घ्या," सर म्हणाले. "पण दिवस कळवा. मी येऊन उभा राहीन."

कॅप्टन गेल्यावर मी माझी पर्स उचलली.  एकदा उघडण्यावरून काम गेलं होतं, आता न उघडण्यावरून गेलं. घरी सांगितलं तेव्हा तुमचे आजोबा हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "जेवून घे."

कॅप्टननी दिवस कळवला, हा त्यांचा मोठेपणा. आम्ही पुन्हा घाट चढलो, यावेळी सरांच्या स्वतःच्या खर्चाने आणि कुणीही न बोलावता. बाहेरून एक तुकडी आणली होती. चांगले, हुशार मेकॅनिक होते. त्यांना नावं ठेवायला जागा नाही. सर हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, टॉर्च घेऊन उभे राहिले. खुर्ची दिली तर बसले नाहीत. प्रत्येक बोल्ट निघताना ते वाकून बघत, आणि "सावकाश" याखेरीज काही बोलत नसत. शाळेची मुलं दाराशी घोळका करून होती. पहिलं विमान निर्दोष निघालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसरंही निर्दोष.

तिसऱ्याच्या शेवटच्या बोल्टांपैकी एक जरा अडकला. मेकॅनिकने ठोकला, तो निघाला, आणि त्या माणसाचा हात जागीच थांबला. सरांनी टॉर्चचा उजेड आत टाकला. भोकाच्या आत, काठापासून थोडं खोल, एक चरा उमटला होता. केसासारखा, ताजा, चकचकीत. ठोकण्यापूर्वी तो तिथे नव्हता.

 चरा पडलेलं भोक म्हणजे भेग सुरू व्हायला तयार जागा. ते विमान आता उडणार नव्हतं. बाहेरचे तज्ज्ञ येऊन ते भोक दुरुस्त करीपर्यंत, आणि ते कधी येतील हे कुणालाच माहीत नव्हतं. सकाळपर्यंत तो पंख पूर्ण धड होता.

मेकॅनिक घामाघूम झाला. "साहेब, मी नीटच..."

"नीटच होतं," सर म्हणाले. "माझ्या हातूनही झालंय. असं होतं." ते पहिल्यांदाच खाली बसले, तिथेच पायरीवर, त्या मेकॅनिकच्या शेजारी. त्याच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिले. मी वाट बघत होते की आता ते कॅप्टनना म्हणतील, मी सांगितलं नव्हतं का. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा म्हातारे दिसले, त्यांच्या स्वतःच्या हिशोबानेही.

कॅप्टन जवळ आले. "आता या विमानाचं काय करायचं, सर?" काम आमचं नव्हतं, हे दोघांनाही आठवत नव्हतं.

"बाई," सरांनी मला हाक मारली, "मांडा."

प्रत्येक विमानाचा एक तक्ता मी ठेवत असे. पंखाला कशाकशाने झिजवलं त्याचे रकाने त्यात होते: शिकाऊ मुलं, वारा, खडबडीत धावपट्टी. वेळ ठरवताना ते सगळे धरायचे. मी बॅग उघडून त्या विमानाचा तक्ता मांडीवर घेतला. शाळेचं काम सुटलं तरी तो मी टाकून दिला नव्हता.

"कशात मांडू?" मी विचारलं. "हे यातल्या कशातच बसत नाही."

"नवा रकाना आखा. उघडून पाहणं हाही वापरच. तोही मोजायला हवा होता, मीच आजवर मोजला नाही. बाकीच्या तिघांनाही आखा. त्या पांढऱ्यालाही."

मी पट्टी घेऊन रेघ ओढली. 

"वर काय लिहू?"

सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले. दाराशी मुलं अजून उभी होती, शेजारी मेकॅनिक मान खाली घालून बसला होता, कॅप्टन हाताची घडी घालून ऐकत होते.

"आपण," सर म्हणाले.

मी तसं लिहिलं.